ऊसबिलाच्या प्रणालीसाठी भाषा: 'गो'चा आटोपशीरपणा की 'कॉटलिन'ची सुबत्ता?

वारणाकाठ (धागाकर्ता)

सहकारी साखर कारखान्यांसाठी संगणक प्रणाली तयार करणारा आमचा लहानसा गट कोल्हापुरात आहे. काट्यावर गाडीचे वजन झाल्यापासून शेतकऱ्याच्या खात्यावर बिल जमा होईपर्यंतचे सारे काम सध्या एका जुन्या जावा प्रणालीत चालते. तिला ठिगळे लावत बसण्यापेक्षा पुढच्या गळीत हंगामापूर्वी तिचे दोन भाग नव्याने लिहावेत असे आम्ही ठरवले आहे. पहिला भाग निरनिराळ्या काट्यांवरून येणारी भरलेल्या आणि रिकाम्या गाड्यांची वजने गोळा करतो. दुसरा भाग बिल काढतो, म्हणजे एफआरपी (केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर), उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण), तोडणी-वाहतुकीची वजावट, विकास सोसायटीच्या कर्जाची कपात आणि अशाच आणखी बऱ्याच गोष्टींचा हिशेब करतो.

प्रोग्रॅमिंगच्या भाषेवरून गटात दोन तट पडले आहेत. एका तटाला गो हवी आहे, कारण ती लहान आहे, लवकर शिकून होते आणि तिच्यात एखादी गोष्ट करण्याचा बहुधा एकच मार्ग असतो. दुसऱ्या तटाला कॉटलिन हवी आहे, कारण ऑब्जेक्ट ओरिएंटेड (माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधणारी) आणि फंक्शनल (सारे काम फंक्शन्समधून मांडणारी) या दोन्ही पद्धती तिच्यात सुखाने नांदतात आणि नियम जसा आहे तसा लिहिता येतो. वेगाचा प्रश्न आमच्यापुरता गौण आहे, कारण कारखान्याच्या कामाला दोन्ही भाषा पुरून उरतील. मला विचारायचे ते एवढेच, की भाषा लहान असल्याचा फायदा दोन-तीन हंगामांनंतरही टिकतो का, की तोपर्यंत तो आपल्याच कोडच्या पसाऱ्यात विरून जातो? ज्यांनी दोन्ही प्रकारच्या भाषा दीर्घकाळ वापरल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अर्धविराम

माझे मत गोच्या बाजूने आहे. ही भाषा गूगलमध्ये रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी २००७ मध्ये आखायला घेतली, २००९ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली आणि मार्च २०१२ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. सी प्लस प्लसचे अवाढव्य प्रकल्प कंपाइल होण्याची (यंत्राला समजेल अशा रूपात येण्याची) वाट पाहता पाहता या तिघांच्या मनात नव्या भाषेचा विचार आला, हे त्यांनीच सांगितलेले आहे. त्यामुळे भाषेत काय घालावे यापेक्षा काय गाळावे यावर त्यांचा भर राहिला. गोमध्ये २५ कीवर्ड (भाषेने राखून ठेवलेले शब्द) आहेत, तर सीच्या १९८९ च्या प्रमाणातही ३२ होते. अर्थात नुसत्या कीवर्डांच्या संख्येवरून भाषेची पारख होत नाही, हे मान्य आहे.

खरा फायदा वाचणाऱ्याला होतो. गोफम्ट हे कोडची मांडणी एकसारखी करणारे साधन भाषेबरोबरच येत असल्यामुळे कंस कोठे द्यावा यावर कोणी वाद घालत नाही आणि दुसऱ्या गटाचा कोडही आपल्याच गटाचा असल्यासारखा दिसतो. कॉटलिनमध्ये एखाद्या वस्तूवर चार क्रिया करायच्या असतील, तर लेट, रन, विथ, अप्लाय आणि ऑल्सो अशी पाच फंक्शन्स हाताशी असतात. त्यांतले कोणते केव्हा वापरावे यावर झालेल्या चर्चा ज्यांनी पुल रिक्वेस्टमध्ये (तपासणीसाठी मांडलेल्या बदलांखाली) वाचल्या आहेत, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. आपल्याकडे नोटीस पीरियड संपवून जाणारा माणूस आणि त्याच्या जागी येणारा माणूस यांची गाठही पडत नाही. अशा ठिकाणी भाषेने लिहिणाऱ्याला कमी पर्याय देणे हे मला उपकारासारखे वाटते.

आणखी एक मुद्दा सुसंगततेचा आहे. जुना कोड पुढच्या आवृत्तींतही चालेल, हे गो १.० च्या वेळी दिलेले वचन आजवर इतक्या निष्ठेने पाळले गेले आहे, की २०१२ मधला कोड बहुतेक वेळा आजही जसाच्या तसा चालतो. ज्या प्रणालीला हंगामात हात लावता येत नाही, तिच्या दृष्टीने हा गुण लहान नाही.

त्रिज्या

अर्धविराम यांनी गोची बाजू चांगली मांडली आहे, परंतु भाषेने गाळलेली गुंतागुंत नाहीशी होत नाही. ती वापरणाऱ्याच्या अंगावर येते, आणि ज्याच्या त्याच्या अंगावर वेगळ्या रूपात येते.

लुआचे उदाहरण घ्या. ब्राझीलमधील रिओच्या पोंटिफिकल कॅथलिक विद्यापीठात १९९३ मध्ये जन्मलेली ही भाषा आटोपशीरपणाचा आदर्श मानली जाते, आणि ते योग्यच आहे. तिच्यात रचनेसाठी टेबल ही एकच गोष्ट आहे: यादीही टेबल, शब्दकोशही टेबल, मॉड्यूलही टेबल. क्लास नाही, पण मेटाटेबल (टेबलाचे वर्तन ठरवणारे दुसरे टेबल) वापरून तो बनवता येतो. याचा परिणाम असा झाला, की ज्याने त्याने आपापली क्लासची पद्धत बनवली आणि एका लायब्ररीतली वारसापद्धती दुसरीत चालेनाशी झाली. रेडिस या डेटाबेससारख्या प्रणालीत दहा-वीस ओळींची स्क्रिप्ट लिहायची असेल तर हे जाणवतही नाही, पण मोठ्या प्रणालीत पदोपदी जाणवते. स्कीम या भाषेची गोष्ट थोडी वेगळी असली तरी तिचा रोख हाच आहे. तिचे आर-फाइव्ह-आर-एस हे पाचवे प्रमाण सुमारे ५० पानांचे होते. प्रत्यक्ष कामाला ते अपुरे पडते म्हणून २००७ मध्ये बरेच मोठे सहावे प्रमाण आले, त्यावरून त्या समाजात फूट पडली, आणि २०१३ च्या सातव्या प्रमाणात 'लहान' भाषा वेगळी काढावी लागली.

गोही याला अपवाद नाही. मार्च २०२२ मध्ये १.१८ आवृत्तीत जेनेरिक्स (एकच कोड अनेक प्रकारच्या मूल्यांसाठी वापरण्याची सोय) येईपर्यंत लोक एकतर रिकाम्या इंटरफेसमध्ये वाटेल ते कोंबत होते किंवा कोड निर्माण करणारी साधने लिहीत होते. मग २०२४ मध्ये १.२२ ने फॉर लूपमधल्या चलाचा अर्थ बदलला आणि १.२३ ने फंक्शनवरून रेंज फिरवण्याची सोय आणली. मला हे सारे बदल आवडतात. पण आज लहान असलेली भाषा उद्याही लहान राहील असे धरून निर्णय घेऊ नये, एवढेच मला सुचवायचे आहे.

नवशिका

या चर्चेत रस्ट या भाषेचे नाव अजून कसे आले नाही? सम टाइप्स (ठरावीक पर्यायांपैकी एक असणारे प्रकार) आहेत, वेग आहे, कंपायलर कडक आहे.

वारणाकाठ (धागाकर्ता)

नवशिका, रस्टचा विचार झाला होता. आमच्या गटात ती कोणालाच येत नाही, आणि मेमरीची मालकी कोणाकडे आहे हा प्रश्न ऊसबिलाच्या प्रणालीत मुळात उद्भवतच नाही. त्यामुळे तो पर्याय आम्ही बाजूला ठेवला आहे.

दूरदेशी

मी बरीच वर्षे परदेशात स्कालामध्ये काम केले आहे, म्हणून बहुपद्धतीच्या भाषांविषयी थोडे लिहितो. स्काला ही मार्टिन ओडर्स्की यांनी लोझानच्या तंत्रविद्यापीठात घडवलेली भाषा आहे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड आणि फंक्शनल या दोन विचारसरणींचा इतका खोलवर मेळ तिच्यात घातलेला आहे, की एकट्या माणसाला ती वापरताना अतिशय आनंद होतो. मी ज्या संस्थेत होतो तेथे मात्र एकाच कोड-भांडारात जणू तीन भाषा नांदत होत्या. एक गट स्काला ही सुधारलेली जावा असल्यासारखा वापरत होता, दुसऱ्याने सारे काही ॲक्टरांमध्ये (एकमेकांना संदेश पाठवणाऱ्या स्वतंत्र घटकांमध्ये) मांडले होते, आणि तिसऱ्याने कॅट्स लायब्ररी घेऊन शुद्ध फंक्शनल पद्धत स्वीकारली होती. यांतली कोणतीही शैली वाईट नव्हती. त्रास सांध्यांवर होत होता. एका मॉड्यूलने एक्सेप्शन फेकायचे आणि पलीकडच्याने 'आयदर' (उत्तर किंवा चूक यांपैकी एक असलेले मूल्य) परत येईल असे धरून चालायचे, की मधली चूक कोणाच्याच चाचणीत सापडत नसे. इम्प्लिसिट (न लिहिता कंपायलरने आपोआप पुरवलेले मूल्य) नेमके कोठून येते हे शोधण्यात नव्या माणसाचे पहिले काही आठवडे जात. भाषेच्या कर्त्यांनाही ही अडचण पटली असावी, कारण २०२१ मध्ये आलेल्या स्काला ३ मध्ये इम्प्लिसिटची कामे 'गिव्हन' आणि 'यूझिंग' अशी वेगवेगळी वाटून दिलेली आहेत.

कॉटलिनची गोष्ट इतकी टोकाची नाही. जेटब्रेन्सने ती २०११ मध्ये जाहीर केली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये १.० आवृत्ती दिली. रोजच्या कामात जावाचा जाच कमी करणे हा तिचा हेतू होता. विचारसरणी सिद्ध करण्याचा अट्टाहास तिच्यात दिसत नाही. तरीही समांतर कामासाठी थ्रेड, कोरूटीन (मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ शकणारी कामे) आणि आता जावा २१ चे व्हर्च्युअल थ्रेड असे तीन मार्ग उपलब्ध झाल्यावर एकाच प्रकल्पात ते तिन्ही शिरतात, हे मी पाहिले आहे. कोरूटीनसाठी लिहिलेले सस्पेंड फंक्शन साध्या फंक्शनमधून थेट बोलावता येत नाही, म्हणून एका ठिकाणी केलेली निवड वरपर्यंत पसरत जाते. गोच्या समांतर कामांमध्ये, म्हणजे गोरूटीनमध्ये, हा भेदच नाही. वजने गोळा करण्याच्या कामात, जेथे अनेक काटे एकाच वेळी बोलत असतात, तेथे गोचा हा एकमार्गीपणा मला सरस वाटतो.

त्रिज्या

दूरदेशी यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, आणि त्यातूनच माझा मुद्दा पुढे नेते. भाषा लहान हवी की मोठी, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. आपल्या कामातली गुंतागुंत नेमकी कोठे आहे आणि ती भाषेला दिसते का, हे आधी पाहायला हवे.

बिलाचा भाग घेऊ. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली: आधी पहिला हप्ता, आणि हंगाम संपून प्रत्यक्ष उतारा समजल्यावर उरलेली रक्कम. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आता तुमच्या प्रणालीत 'भरणा' या गोष्टीचे दोन प्रकार झाले. नवी बिले एकरकमी, आणि मधल्या हंगामांची जुनी बिले दोन टप्प्यांची, जी लेखापरीक्षणासाठी जशीच्या तशी दिसली पाहिजेत. हा फरक बिलाच्या छपाईत येतो, बँकेला पाठवायच्या फाइलमध्ये येतो, शेतकऱ्याच्या खतावणीत येतो आणि ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे असलेली १४ दिवसांची मुदत मोजतानाही येतो.

कॉटलिनमध्ये 'भरणा' हा सील्ड क्लास (ज्याचे उपप्रकार आधीच ठरलेले असतात असा क्लास) केला आणि या चारही ठिकाणी 'व्हेन' (प्रकारानुसार वाट निवडणारी रचना) वापरला, तर उद्या तिसरा प्रकार वाढवताच चारही ठिकाणी कंपायलर अडून बसतो. १.७ आवृत्तीपासून तर व्हेनचे मूल्य वापरलेले नसले तरी तो अडतो. गोमध्ये हेच काम स्थिरांक आणि स्विच वापरून करावे लागेल, आणि स्विचमध्ये एखादा प्रकार राहून गेला तर कंपायलर अवाक्षर काढत नाही. ही उणीव भरून काढणारे लिंटर (कोडमधल्या चुका शोधणारी साधने) आहेत, पण ते चालवणे ऐच्छिक आहे, आणि हंगामाच्या घाईत सर्वांत आधी वगळल्या जातात त्या ऐच्छिक गोष्टीच. साधी भाषा घेऊन आपण येथे नेमके काय वाचवले, हे मला समजत नाही.

अर्धविराम

त्रिज्या यांचा सील्ड क्लासचा मुद्दा बिनतोड आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मात्र सुबत्ता कधी कधी कशी फसवते, याचे उदाहरण त्याच बिलातून देतो.

२०२४-२५ च्या हंगामासाठी एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होती आणि त्यापुढे दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे वाढत होते. २०२५-२६ साठी हेच आकडे ३५५ रुपये आणि ३ रुपये ४६ पैसे असे आहेत. पैशांसाठी कॉटलिनमध्ये जावाचा बिगडेसिमल हा दशांश संख्यांचा प्रकार घेतात, आणि कॉटलिनच्या प्रमाण लायब्ररीने त्याला बेरीज, गुणाकार आणि भागाकाराची चिन्हे दिलेली आहेत. त्यामुळे सूत्र शाळेतल्या वहीतल्यासारखे लिहिता येते, आणि ते पाहून मलाही मोह होतो. आता किलोचा दर काढण्यासाठी कोणी ३४० ला भागाकाराच्या चिन्हाने १०० ने भागले, तर उत्तर ३.४० न येता ३ येते, आणि ३५५ ला भागले तर ४ येते. याचे कारण असे, की त्या चिन्हामागचा भागाकार भाज्याइतकीच दशांशस्थळे ठेवतो आणि उरलेले जवळच्या अंकाला, निम्म्यावर असल्यास सम अंकाला, पूर्णांकित करतो. हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे, पण चिन्ह वापरताना दस्तऐवज कोण उघडतो? आणि डेटाबेसमधून दोन दशांशस्थळांसह ३४०.०० आले, तर तोच कोड ३.४० असे अचूक उत्तर देतो. म्हणजे चाचणीत सारे बरोबर दिसेल आणि कोणीतरी फाइलमधून साधे ३४० वाचले, की बिल चुकेल.

गोमध्ये चिन्हांना नवा अर्थ देताच येत नाही. तेथे एकतर सारे रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात मोजावे लागते किंवा दशांशाच्या लायब्ररीचे मेथड नावाने बोलवावे लागतात. कोड कुरूप होतो, हे खरे. पण भागाकार करताना पूर्णांकन होत आहे, हे रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर राहते.

दूरदेशी

हे उदाहरण फार चांगले आहे. यावरचा उपाय मात्र भाषा बदलण्याइतका मोठा नाही. 'रक्कम' असा आपला स्वतंत्र प्रकार करावा, त्याला बेरीज-वजाबाकीची चिन्हे द्यावीत, भागाकाराचे चिन्ह मुद्दाम देऊ नये, आणि 'किती स्थळांपर्यंत, कोणत्या रीतीने' हे सांगितल्याशिवाय भागताच येणार नाही असा मेथड ठेवावा. समृद्ध भाषेत मर्यादा आपण आपल्या हाताने घालू शकतो. लहान भाषेत नसलेली सोय आपल्याला निर्माण करता येत नाही. त्रुटी हाताळण्याचेच पाहा. 'एरर निल (रिकामी) नसेल तर ती परत कर' या तीन-तीन ओळी कमी कराव्यात म्हणून २०१९ मध्ये 'ट्राय'चा प्रस्ताव आला आणि तो बारगळला. जून २०२५ मध्ये तर गोच्या गटाने यासाठी भाषेच्या रचनेत बदल करण्याचे प्रयत्न तूर्त थांबवत असल्याचे जाहीर केले. मला त्या निर्णयाचा आदर वाटतो, पण ज्यांना त्या ओळींचा जाच होतो त्यांच्यासाठी दुसरी वाट उरत नाही.

अर्थात, आपल्या हाताने घातलेल्या मर्यादा पाळून घेणारा माणूस गटात असावा लागतो. तो माणूस सोडून गेला तर काय, या अर्धविराम यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही, आणि माझ्याकडे ते फारसे समाधानकारक नाही.

कंसातला_मजकूर

एक व्यवहाराची गोष्ट राहून गेली असे वाटते. धागाकर्त्यांचे जुने बिल जावात आहे. कॉटलिनच्या फाइल त्याच प्रकल्पात जावाच्या शेजारी बसतात आणि दोन्ही एकमेकींना बोलावू शकतात. त्यामुळे बिलाचा एकेक नियम सुटा करून हलवता येईल आणि प्रत्येक टप्प्यावर जुन्या-नव्या उत्तरांची ताडणी करता येईल. गो घेतली तर सारे बिल एका दमात पुन्हा लिहावे लागेल किंवा मध्ये नेटवर्कची भिंत उभी करावी लागेल. शेतकऱ्याच्या पैशांच्या बाबतीत मी तरी एका दमातला मार्ग पत्करणार नाही, मग भाषा कितीही साधी असो.

वारणाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल गटाची बैठक झाली आणि हा धागा पडद्यावर ठेवूनच चर्चा केली. बिलाचा भाग कॉटलिनमध्ये करायचे ठरले आहे, आणि त्यात त्रिज्या यांच्या सील्ड क्लासइतकाच कंसातला_मजकूर यांच्या मुद्द्याचा वाटा आहे. त्याचबरोबर काय वापरायचे नाही याचे एक पानही तयार केले: अर्धविराम यांनी सांगितलेल्या पाच स्कोप फंक्शन्सपैकी फक्त लेट आणि अप्लाय, कोरूटीन अजिबात नाहीत, आणि रकमेवर भागाकाराचे चिन्ह नाही. यांतले जे नियम लिंटरला सांगता येतात ते बिल्डमध्येच टाकले आहेत, जेणेकरून ते पाळले जाणे कोणा एकावर अवलंबून राहू नये.

वजने गोळा करण्याचा भाग गोमध्ये होईल. तो लहान आहे, त्यात नियम जवळजवळ नाहीत, आणि काट्याच्या खोलीतल्या संगणकावर जावा बसवण्याऐवजी एकच एक्झिक्यूटेबल फाइल टाकून काम होते. दोन भाषा सांभाळाव्या लागतील, याची सर्वांना जाणीव आहे. एका सहकाऱ्याचा त्याला अजूनही विरोध आहे.

अर्धविराम

काट्यावरच्या संगणकांवर विंडोजची कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहा. गो १.२० ही विंडोज ७ आणि ८ वर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, आणि १.२१ पासून किमान विंडोज १० किंवा सर्व्हर २०१६ लागते. १.२० ला फेब्रुवारी २०२४ पासून सुरक्षा दुरुस्त्याही मिळत नाहीत. आपण ज्या जेनेरिक्सबद्दल बोललो ती १.२० मध्ये आहेत, पण फॉर लूपचा बदललेला अर्थ तिच्यात नाही, हेही लक्षात असू द्या.

वारणाकाठ (धागाकर्ता)

हे अजिबात लक्षात आले नव्हते. काही काट्यांवर विंडोज ७ नक्कीच आहे, कारण वजनदर्शकाच्या सिरीयल पोर्टचे जुने सॉफ्टवेअर त्यावरच चालते. कारखान्यांकडून यादी मागवली आहे. अशी यंत्रे थोडीच निघाली तर ती बदलण्यास सांगू, आणि जास्त निघाली तर तेवढा भाग जावातच ठेवून गोचा विचार पुढच्या हंगामात करू.